शून्याच्या डावीकडे

ही गोष्ट खरी आहे. मी पदरचं काही घातलेलं नाही. उलट एक-दोन गोष्टी गाळल्यात, कारण यातली माणसं अजून त्याच जिन्याने ये-जा करतात.

भुताच्या गोष्टीला रात्र लागते म्हणतात. इथे रात्र नाही. हे घडलं भर दुपारी, दुसऱ्या मजल्यावरच्या लहान मुलांच्या दातांच्या दवाखान्यात. बाहेर लख्ख ऊन होतं आणि खाली रस्त्यावर कुणीतरी ट्रकमधून कपाटं उतरवत होतं.

जिच्या बाबतीत घडलं, ती माझी मेहुणी. तीन बहिणींतली मधली. घरात सगळे तिला मधलीच म्हणतात, अगदी तोंडावरसुद्धा.

मधली घाबरट नाही. पाल निघाली की अख्खा मजला तिला हाक मारतो.

तिचं काम जरा वेगळं आहे. भिंतीवर प्रोजेक्टरने चित्र पाडायचं, आणि माणसाने भिंतीला हात लावला की ते चित्र हललं पाहिजे. त्या दवाखान्यात तिने मासे केले होते. वेटिंग रूमची लांब भिंत म्हणजे निळं पाणी. मुलाने हात टेकला की सगळे मासे त्या हाताकडे धावत. दात काढायला आलेलं पोर रडायचं विसरून जाई. डॉक्टरीणबाई खूश होत्या.

भिंतीलगत एक चपटा सेन्सर होता. हात कुठे लागला, ते तो आकड्यात सांगायचा. चित्राची डावी कड म्हणजे शून्य. उजवी कड म्हणजे एक. मधोमध हात लागला तर अर्धा. हा आकडा ताणून पडद्याच्या मापाचा करायचा, की मासे बरोबर त्या जागी जातात. हे सगळं ती लिहून करत नाही. तिच्या लॅपटॉपवर छोटे छोटे डबे दिसतात, आणि एका डब्यातून दुसऱ्या डब्यात वायर ओढलेली असते. नळाच्या पाइपांसारखं. इकडून आकडा येतो, मधल्या डब्यात मोठा होतो, तिकडे माशांना मिळतो.

शेवटचा डबा कुंपणाचा. आकडा चुकून शून्याच्या खाली गेला, तर त्याला शून्यावरच अडवायचं. एकाच्या वर गेला, तर एकावर. म्हणजे मासे चित्राबाहेर पळत नाहीत.

एवढं लक्षात ठेवा. बाकी यात डोकं शिणवण्यासारखं काही नाही.

सेन्सर बसवला होता काटकोनाने. हे त्याचं टोपणनाव. त्याने लावलेलं काहीही तिरकं नसतं, आणि दुसऱ्याच्या घरी गेला तरी आधी भिंतीवरचा फोटो सरळ करतो. तो आणि मधली कित्येक वर्षं बरोबर काम करत होते. पण त्या दिवसांत दोघांत जरा बिनसलं होतं. तो परस्पर वेगळी कामं घ्यायला लागला होता. मधलीला ते तिसऱ्याच माणसाकडून कळलं, आणि ते तिला लागलं.

अशात डॉक्टरीणबाईंचा फोन आला.

"अहो, तुमचे मासे रुसलेत."

"म्हणजे?"

"सगळे डाव्या कोपऱ्यात जाऊन बसतात. मुलं हात लावून दमतात, पण हे ढुंकून बघत नाहीत."

मधली गेली. दुपारची सुट्टी होती. डॉक्टरीणबाई जेवायला घरी गेल्या होत्या. दवाखान्यात कुणी नव्हतं.

मासे होते.

सगळेच्या सगळे डाव्या कडेला, खाली, एकमेकांना चिकटून. तोंडं डावीकडे. पलीकडे काहीतरी चाललंय आणि काचेला नाक लावून बघावं... तसे.

मासे चालवणारा लॅपटॉप दवाखान्यातच ठेवलेला असायचा. तिने तो उघडला. सेन्सरचा आकडा बघितला.

मायनस एक पॉइंट चार.

आकडा तीनदा लुकलुकला. मग थांबला. मग पुन्हा तीनदा.

म्हणजे कड सोडून डावीकडे, अख्ख्या चित्राची रुंदी आणि वर आणखी जवळजवळ निम्मी... तिथे कुणीतरी भिंतीला हात लावत होतं. हा आकडा कुंपणाच्या डब्यात अडत होता, म्हणून मासे कडेला येऊन थबकत होते. त्यांच्यापुरतं ते बरोबरच वागत होते.

पण डावीकडे एवढी जागाच नव्हती.

चित्र संपलं की वीतभर भिंत. मग आडवी भिंत. दवाखाना संपला. सेन्सरचा किरण विटांच्या पार जात नाही.

मधलीच्या मनात पहिलं नाव आलं ते काटकोनाचं.

वाटलं, यानेच काहीतरी करून ठेवलंय. काम बिघडलं की डॉक्टरीणबाई कंटाळतील, मग हा म्हणेल, मी करून देतो. तिने त्याला फोन लावला.

"सेन्सर हललाय का तुझा?"

"माझं काही हलत नाही," तो म्हणाला. "का?"

"काही नाही."

तिने फोन ठेवला. आणि वायरीच्या मध्ये एक नवा डबा बसवला. चाळणी. शून्याच्या खालचा आकडा आला की तो आतच येऊ द्यायचा नाही. कुंपणासारखा शून्यावर धरायचा नाही, सरळ टाकून द्यायचा.

मासे सुटले. भिंतभर पसरले. तिने हात टेकला तसे धावत आले.

ती निघाली. जिन्यात तिला शेजारच्या दारातली बाई दिसली. हातात झाडू होता, पण ती झाडत नव्हती. नुसती उभी होती, मान दवाखान्याच्या भिंतीकडे कलती करून. मधलीला बघून हसली आणि आत गेली.

दोन दिवसांनी पुन्हा फोन. मासे पुन्हा डावीकडे.

मधलीने जाऊन बघितलं. चाळणीचा डबा होता जागेवर, पण त्याची वायर काढलेली. आकडा त्याला वळसा घालून थेट जात होता.

वायर आपोआप निघत नाही. कुणीतरी माउसने ओढून काढावी लागते. आणि लॅपटॉपचा पासवर्ड तिला आणि काटकोनाला, दोघांनाच ठाऊक होता.

तिने वायर परत लावली. डॉक्टरीणबाईंना म्हणाली, "उद्या दुपारी मी आत बसते. कुणाला सांगू नका."

दुसऱ्या दिवशी सुट्टी झाली, तशी ती आतल्या खोलीत गेली. पडदे ओढले आणि दात तपासायच्या खुर्चीत आडवी झाली. दुसरी खुर्चीच नव्हती. माणूस पकडायला असं आ वासायच्या जागी पडून राहणारी ती पहिलीच असेल.

थोड्या वेळाने कुलपात किल्ली फिरली.

काटकोन आला. कामासाठी दिलेली एक किल्ली त्याच्याकडे होती. पायातले बूट काढले. सरळ लॅपटॉपपाशी गेला. माउस हातात घेतला, वायर ओढून काढली, आणि कपाळ पुसलं.

"सापडलास," मधली दारातून म्हणाली.

तो दचकला नाही. वळून बघितलं आणि खाली बसला.

"सापडलो. बरं झालं."

"लाज वाटत नाही? इतकी वर्षं बरोबर..."

"ताई, भांड माझ्याशी. पण नंतर. आधी ती वायर परत लाव."

"काय?"

"लाव. आणि थोडा वेळ बोलू नकोस."

तिला वाटलं, हे आता नवीन नाटक. पण लावली. मासे भिंतभर पसरले. दोघं बसून राहिले. खाली ट्रक मागे घेताना कुणीतरी ओरडत होतं. मग तेही थांबलं.

आणि मग...

ठक. ठक. ठक.

भिंतीतून. डावीकडून. जोरात नाही. बोटाच्या पेराने मारावं तसं. सवयीने.

थोडी शांतता.

ठक. ठक. ठक.

काटकोनाने हात लांब करून वायर काढली. मासे वळले. एकामागून एक डाव्या कडेला गेले, तोंडं पलीकडे करून थांबले.

आवाज थांबला.

"त्या दिवशी मी सेन्सर पुसायला आलो होतो," तो हळू आवाजात म्हणाला. "तुझा फोन आला म्हणूनच आलो. म्हटलं, खरंच हललाय की काय. तर हे ऐकलं. आधी वाटलं, पाइप वाजतोय. मग बघितलं, तुझी चाळणी काढली की थांबतं. मासे तिकडे गेले की थांबतं."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू हसली असतीस. आणि तू माझ्याशी धड बोलत कुठे होतीस?"

मधलीचा विश्वास बसला नाही. सांगते ती स्वतःच. तिने कपाटामागे हात घातला, खुर्च्या उलट्या केल्या, पंख्याच्या वरचं बघितलं. कुठे छोटा स्पीकर लपवलाय का ते शोधलं. काटकोन नुसता बघत राहिला.

"माझे खिसे राहिले," तो म्हणाला.

तिने खिसेही बघितले. टेप, पेन्सिल आणि खडूचा तुकडा.

तिने ती टेप घेतली.

आकडा खोटं बोलत नाही, असं ती नेहमी म्हणते. चुकीच्या जागेचा असेल, पण कुठल्यातरी जागेचा असतो. मग जाऊन बघू, कुठली जागा आहे ती. चित्राची रुंदी माहीत होती. मायनस एक पॉइंट चार म्हणजे कडेपासून डावीकडे साडेपाच मीटरच्या आसपास. सेन्सर उंचीही सांगतो. ती गुडघ्याच्या जरा वर. हा हात उभ्या माणसाचा नव्हता.

मजल्याची मागची भिंत एकच होती. दवाखान्यात तिच्यावर मासे होते. आडव्या भिंतीच्या पलीकडे तीच भिंत शेजारच्या घरात जात होती.

मधलीने शेजारची बेल वाजवली.

तीच बाई. झाडूवाली. पन्नाशीची, नीटनेटकी. नवरा कामाला गेलेला, मुलं परगावी. मधलीने ठोकून दिलं, "आम्ही भिंतीत ड्रिल केलं होतं. तुमच्या बाजूला तडा तर गेला नाही ना, तेवढं बघायचं होतं."

"या ना," शेजारीण म्हणाली. तिने पाणी आणून दिलं. आणि पेला हातात देता देता विचारलं...

"वाजतंय का?"

मधलीने अजून काही सांगितलं नव्हतं.

"काय वाजतंय?"

"काही नाही. असंच."

मागच्या खोलीचं दार बंद होतं. शेजारणीने ते उघडलं. आत सामान असं नव्हतंच. एक लोखंडी पलंग, गादी नसलेला. आणि तो पलंग भिंतीला लागून नव्हता. खोलीच्या बरोबर मधोमध होता. चारी भिंतींपासून लांब.

मधलीने आडव्या भिंतीपासून टेप धरली. चालत गेली. जिथे माप पुरं झालं, तिथे खाली बघितलं.

गुडघ्याच्या जरा वर, भिंतीवर एक चौकोन होता. नव्या रंगाचा. बाकी भिंतीच्या रंगाशी जमवायला गेलेला, पण न जमलेला. रंगाखाली भिंत किंचित खोलगट होती. खूप दिवस एकाच जागी काहीतरी लागून झिजावी, तशी.

"सासूबाई होत्या आमच्या," शेजारीण मागून म्हणाली. "वाचा गेली होती. अंग एका बाजूने गेलेलं. एक हात तेवढा चालायचा. काही हवं असलं की भिंतीवर तीनदा मारायच्या. पाणी हवं, तीनदा. कूस बदलायची, तीनदा. पंखा लाव, तीनदा. बंद कर, तीनदा. दिवस नाही, रात्र नाही."

"मग?"

"मग काय? माणूसच आहे मी. येणार तरी किती वेळा?"

"कधी गेल्या?"

"दोन वर्षं होतील."

मासे त्या भिंतीवर येऊन वर्षसुद्धा झालं नव्हतं.

मधलीने पलंगाकडे बघितलं. पायांखालच्या फरशीवर भिंतीपासून मधोमधपर्यंत चार ओरखडे होते. पलंग ओढत आणल्याचे. खोल ओरखडे. रिकामा पलंग ओढला तर इतके खोल जात नाहीत.

"पलंग मधोमध कसा?" तिने विचारलं. सहज विचारल्यासारखं.

"साफसफाईला बरं पडतं," शेजारीण म्हणाली.

आणि मग, दारापर्यंत सोडायला आली तेव्हा, अगदी हळू...

"भिंतीच्या कुठल्या बाजूला वाजतंय? आमच्या, की तुमच्या?"

"तडा गेलेला नाही," मधली म्हणाली. "येते मी."

परत आल्यावर तिने काटकोनाला सगळं सांगितलं.

"म्हणजे म्हातारी तिथे मारत राहिली, कुणी आलं नाही," तो म्हणाला. "इथे मारलं... तर मासे आले."

मधलीला आठवलं, मधले दोन दिवस आपण चाळणी लावून ठेवली होती. त्या दोन दिवसांत तिथे कुणीतरी ठोकत होतं, आणि आपल्यामुळे पुन्हा कुणी येत नव्हतं.

चाळणी तिने काढून टाकली. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी, दोघं असताना, तिला एक सुचलं.

"कुंपणही काढते," ती म्हणाली. "माप बदलते. चित्राच्या भिंतीत तिचीही जागा बसवते."

तिने ताणण्याच्या डब्यात आकडे बदलले. आधी शून्य ते एक एवढाच भाग भिंतभर पसरलेला होता. आता मायनस दोनपासून एकपर्यंतचा सगळा भाग तिने त्याच भिंतीत बसवला. जणू शेजारचं घर आणि दवाखाना, दोन्ही आकसून त्या निळ्या पाण्यात आले. डावीकडचा मोठा भाग शेजारचा. उजवीकडचा तिसरा हिस्सा दवाखान्याचा. हात जिथे लागेल तिथे पाण्यात एक पांढरं वर्तुळ उमटेल, असं केलं.

वर्तुळ उमटलं.

डाव्या बाजूला, खाली. तीनदा लुकलुकलं.

मासे गेले. या वेळी कडेला अडले नाहीत. थेट त्याच्याभोवती जमले, गोल फिरू लागले.

वर्तुळ विझलं नाही. टेकलेल्या हातासारखं तसंच राहिलं.

मग हललं.

हळूहळू उजवीकडे. भिंतीला धरून धरून माणूस चालतं, तसं. थोडं सरकायचं, थांबायचं. मासे बरोबर जायचे. लॅपटॉपवर आकडा बदलत होता. मायनस एक पॉइंट एक. मायनस शून्य पॉइंट आठ. मायनस शून्य पॉइंट पाच.

"आडवी भिंत कुठे येते?" काटकोनाने विचारलं.

"मायनस शून्य पॉइंट एकला."

मायनस शून्य पॉइंट तीन.

मायनस शून्य पॉइंट दोन.

काटकोन उठला आणि त्या कोपऱ्यातून बाजूला झाला. कुणाला वाट करून द्यावी, तसा. त्याने ते मुद्दाम केलं नव्हतं, असं तो म्हणतो. पायच मागे आले.

मायनस शून्य पॉइंट शून्य पाच.

आता ते खोलीत होतं. चित्राची कड आणि आडवी भिंत यांच्यामधल्या त्या वीतभर जागेत. रिकाम्या, पांढऱ्या भिंतीवर. तिथे काही दिसत नव्हतं. पण मधलीला वास आला. औषधाचा, तेलाचा आणि खूप दिवस न बदललेल्या चादरीचा.

तिला भीती वाटली नाही, म्हणते. वाटलं, कुणी बिचारं लांबून चालत आलंय, खुर्ची द्यावी.

तेवढ्यात दार वाजलं. ते नुसतं लोटलेलं होतं.

शेजारीण आत आली. चपला न घालता. दोघांकडे तिने बघितलंच नाही. भिंतीकडे बघितलं, माशांकडे.

"इथे आहेत का?" ती म्हणाली.

वर्तुळ विझलं.

मासे उधळले. एका क्षणात, दगड पडल्यासारखे, चारी दिशांना.

मधलीने लॅपटॉपकडे बघितलं. आकडा पळत होता. मायनस शून्य पॉइंट सहा. मायनस एक पॉइंट दोन. मायनस एक पॉइंट नऊ. मायनस तीन. आता तो हात थांबत नव्हता. मध्ये टेकत नव्हता. मायनस पाच. मायनस आठ. शेजारचं घर संपलं, इमारत संपली, तरी आकडा जातच होता.

मग सेन्सरची ओळ कोरी झाली.

शेजारीण भिंतीपर्यंत गेली आणि तिने तळवा टेकला. बरोबर त्या वीतभर जागेवर. कुणीही तिला जागा दाखवली नव्हती.

"गेल्या," ती म्हणाली. मग बराच वेळ तशीच उभी राहिली. "मला फक्त एकदा भेटायचं होतं."

मधली मला म्हणते, त्या आवाजाचा अर्थ तिला अजून लावता येत नाही. माफी मागायला आलेल्याचा होता तो... की राहिलेलं काम पुरं करायला आलेल्याचा.

बाई हात पुसत निघून गेली. हात कोरडाच होता.

यानंतर बरेच दिवस काही झालं नाही. मधलीने मापं पूर्वीसारखी केली, कुंपण परत लावलं. मासे मुलांकडे जाऊ लागले. भिंत वाजली नाही. काटकोन आणि ती पुन्हा बरोबर कामं करू लागले. वेगळ्या कामांचा विषय त्याने स्वतःच काढला आणि स्वतःच मिटवला.

फक्त एक नवीन सुरू झालं. शेजारीण दवाखान्यात यायला लागली. कधी डब्यातून काही खायला घेऊन, कधी नुसतीच. वेटिंग रूममध्ये बसायची. मुलांशी गोड बोलायची. डॉक्टरीणबाईंना ती फार आवडली. मधली कामाला आली की तिला बाजूला घेऊन विचारायची, "आल्या का हो?"

"नाही," मधली म्हणायची. खरंच आल्या नव्हत्या.

मग गेल्या महिन्यात पुन्हा फोन आला.

"मासे परत रुसलेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण या वेळी उजवीकडे."

मधली गेली. मासे उजव्या कडेला, खाली, चिकटून. तोंडं उजवीकडे.

एक पॉइंट तीन.

उजवीकडे इमारत संपते. चित्राची कड, मग खिडकी, मग काहीच नाही. दोन मजले खाली गल्ली. तिथे हात टेकायला भिंतच नाही. नुसती हवा आहे. पण शेजारच्या घरापासून लांब, तरी माशांच्या जवळ... अशी जागा तीच.

आकडा तीनदा लुकलुकला.

मधलीने काही बदललं नाही. कुंपण राहू दिलं, मासे कडेला जाऊ दिले. मागे वळली, तर शेजारीण दारात.

"मासे तिकडे का बघतात?"

"खाणं दाखवलंय तिकडे," मधली म्हणाली. "मुलांना गंमत वाटते."

"हो का?"

शेजारीण उजव्या टोकाला गेली. खिडकी उघडली. बाहेर वाकून इकडे बघितलं, तिकडे बघितलं. मग खिडकी लावून घेतली.

"छान वारा येतो इथे," ती म्हणाली.

लॅपटॉपवर एक पॉइंट तीनचे एक पॉइंट नऊ झाले होते.

परवा मधली आमच्याकडे आली होती. चहा घेतला नाही. म्हणाली, डॉक्टरीणबाईंची रिसेप्शनची मुलगी सोडून चाललीय, आणि त्या जागी शेजारणीला ठेवलंय. आपणहून विचारलं तिने. दिवसभर ती तिथेच बसणार. त्या भिंतीसमोर.

"चाळणी लावून ठेव," मी म्हणालो. "मासे तिकडे जाणार नाहीत. हिला कळणार नाही."

"मग म्हातारी ठोकायला लागेल," मधली म्हणाली. "शेजारणीला ऐकू जाईल."

"सगळंच काढून टाक."

"तरी ठोकेल."

बायकोने विचारलं, शेजारीण खरंच वाईट आहे का? की तिलाही आतून काही खातंय? मधली म्हणाली, ते मला ठरवता येत नाही. मला फक्त एवढं माहीत आहे की त्या दिवशी दार उघडलं आणि आकडा पळाला.

जाताना तिने मला पुन्हा विचारलं, काय करू ते सांगा.

शेजारीण सोमवारपासून कामाला लागतेय. मला अजून काही सुचलेलं नाही.